रांजणातला अंडीखाऊ

"वयनी, रांजण रिकामा करा! लवकर करा!"

उकंड भाऊजी फाटकातूनच ओरडत आले. हातात कापडी पिशवी, तोंड सुतळीनं आवळलेलं, आणि पिशवी आपली आपणच हलत होती. मी ओट्यावर उडीद पाखडत बसले होते. सूप खाली ठेवलं नाही मी. ह्या माणसाच्या पिशवीत काय असतं ते मला लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं.

"रांजण पाण्याचा आहे भाऊजी, सापाचा नाही. तुमच्या घरची भांडी काय संपली?"

"तुमची जाऊ घरात घेत नाई."

"आणि मी घेते? मी काय गारुडीण आहे?"

"वयनी, मस्करी मंग करा. आज मस्करीचा दिवस नाई."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मात्र मी उठले.

उकंडराव म्हणजे माझ्या मालकांचे चुलतभाऊ, गावच्या शाळेत मास्तर. त्यांच्या आधीची तीन लेकरं राहिली नाहीत, म्हणून चुलतसासूनं ह्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि उकंडा नाव ठेवलं. उकिरड्यावरच्या वस्तूकडे यम पाहत नाही म्हणतात. यमानं नाही पाहिलं, पण साप मात्र ह्यांच्याकडे पाहायला लागले. आजूबाजूच्या पाच गावांत कोणाच्या घरी साप निघाला की आधी शाळेत निरोप. मास्तर खडू ठेवून निघाले! वीस वर्षांत त्यांना साप चावला नाही, हे लोक सांगत. ते स्वतः वेगळंच सांगत. "माह्या हातानं एकाही सापाचं खवलं दुखलं नाई," असं म्हणत आणि उजव्या हाताची दोन बोटं वर करून दाखवत. ह्या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता. बाकी माणूस अगदी गरीब गाय.

मी रांजणातलं पाणी केळीला ओतलं, आतून कोरडा पुसला, तळाशी गोणपाट टाकलं. भाऊजींनी पिशवी आत उलटी केली.

मी डोकावले. हात-दीड हाताचा, करंगळीएवढा बारीक, काळपट तपकिरी साप. पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत एक पांढुरकी रेघ. डोळ्यातली बाहुली मांजरासारखी उभी.

"एवढंसं?" मी म्हटलं. "ह्याच्यासाठी रडून राहिले?"

"वयनी, हा अंडीखाऊ हाय. ह्याले पायाले लोक किती वर्षं तरसले. मेला, संपला, असंच धरून चालले होते. मले पुस्तकात चार ओळी भेटल्या होत्या, तेवढ्याच." भाऊजी रांजणाच्या काठावर हनुवटी टेकवून बोलत होते. "ह्याच्या तोंडात दात म्हनाले नाईतच. पाखराचं अंडं अख्खं गिळते. आत घशाशी मणक्याचे काटे असतात, तिथं अंडं फुटते, रस पोटात जाते. दुसरं काई खात नाई. उंदीर नाई, बेडूक नाई. निव्वळ अंडं."

"बाप्पा! मग माझ्या कोंबड्या?"

"कोंबडीचं अंडं त्याले गिळवत नाई. होल्याचं, चिमणीचं. आणि तेही ताजं. आत जीव धरला असला तर हुंगून सोडून देते."

"सापडला कुठं?"

"पांढरीच्या माळावर. हिवराच्या झाडाबुडी, दगडाखाली."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. भाऊजी वर पाहून म्हणाले, "म्हनून तर तुमच्या घरी आनला, वयनी."

आता हे सांगायलाच पाहिजे. पांढरीचा माळ म्हणजे गावाच्या उगवतीची ई-क्लासची जमीन. सरकारी, पण गावाची गुरं तिच्यावर चरत. माझ्या बकऱ्या तिथंच असत. नाव न ठेवता गेलेली लेकरं गाव तिथं पुरत असे. अग्नी देत नाहीत इतक्या लहानाला. माझी पहिली मुलगी नवव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे नाव नाही. ती अंगावर प्यायचीच नाही. सासूनं, सुइणीनं, मी, सगळ्यांनी केलं. कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध तिच्या ओठांवर पिळत मी आठ दिवस बसले होते, आणि ते दूध तिच्या गालावरून खाली जात होतं. तिला हिवराखाली ठेवली. मागून दोन मुलगे झाले, मोठे झाले, पण मी बकऱ्या घेऊन माळावर गेले की भाकर हिवराखालीच बसून खात असे. कोणाला कधी काही बोलले नाही.

त्या वर्षी तो माळ मुरमाच्या खाणीला मंजूर झाला होता. ग्रामसभेत बायांनी आरडाओरडा केला, अर्ज दिले, काही उपयोग झाला नाही. संक्रांतीनंतर मशीन येणार हे ठरलं होतं.

"हा साप कायद्यात वाघाच्या पंगतीत बसते," भाऊजी म्हणाले. "हा तिथं हाय असा जंगलखात्याचा कागद झाला, तर मशीन माळावर चढत नाई. साहेबानं येऊन आपल्या डोयानं पायला पाहिजे. पंचनामा झाला पाहिजे. बस."

त्यांनी ग्रामपंचायतीतून तालुक्याला फोन लावला. परत आले तेव्हा तोंड फुललेलं. "साहेब सोमवारी येतात. म्हने, तोवर तुमच्यापाशीच ठेवा, पण जिवंत पाहिजे. मेलेला काई कामाचा नाई."

त्या दिवशी मंगळवार होता.

बुधवारी भाऊजींनी बाभळीवरच्या घरट्यातून होल्याची दोन अंडी आणली. काढताना होला त्यांच्या डोक्यावरून घिरट्या घालत होता म्हणे, त्यांना फार वाईट वाटलं. अंडी रांजणात ठेवली, वर मच्छरदाणीचा तुकडा बांधला, आणि आम्ही दोघं दूर बसून राहिलो. तासाभरानं साप हलला. अंड्याजवळ आला, जीभ बाहेर काढली, अंड्यावरून फिरवली, आणि वळून गोणपाटाच्या घडीत जाऊन बसला.

"शिळी असतील," मी म्हटलं.

गुरुवारी शाळेच्या कौलांतली पारव्याची अंडी आणली. तीच तऱ्हा. शुक्रवारी कोणाच्या तरी वळचणीतली चिमणीची तीन आणली, बोराएवढी. सापानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

मला ते पाहवत नव्हतं. घरात साप आहे ह्याची भीती केव्हाच गेली होती. आमची थोरली सून तेव्हा नवी होती, ती माहेरी पळाली, तिचंही काही वाटलं नाही. स्वयंपाक करता करता मी उठायची, रांजणात डोकवायची, परत येऊन पोळी लाटायची. खाल्लं का? नाही खाल्लं. मालक म्हणाले, "माह्या जेवणाची इतकी चौकशी कधी केली नाई तू."

शनिवारी शाळा सुटल्यावर भाऊजी आले ते पिशवी घेऊनच.

"वयनी, मी सोडून देतो त्याले. जिथून आनला तिथं. चार दिवस झाले, उपाशी मरन तो. हे पाप हाय."

"आणि सोमवारी साहेबाला काय दाखवाल? रिकामा रांजण?"

"सांगीन मी, पायला म्हनून."

"तुमचं कोण ऐकते भाऊजी? आम्ही तीस बायांनी सांगितलं, आमचं ऐकलं कोणी?"

त्यांनी मच्छरदाणीची गाठ सोडायला घेतली. मी त्यांचा हात धरला. दिराचा हात असा कधी धरला नव्हता. "दोन दिवस, भाऊजी. तुमच्या पाया पडते. माझी पोरगी आहे हो तिथं."

भाऊजींनी गाठ परत बांधली आणि पिशवी घडी करून खिशात घातली.

रविवारी सकाळी ते एसटीनं तालुक्याला गेले. साहेब विसरू नये म्हणून. जाताना तीन वेळा सांगून गेले, "हात लावू नका. पाह्यचं असन तर दुरून पाहा. हात मात्र लावू नका."

दुपारी मी डोकावले तर साप तळाशी लांब पडलेला. वेटोळं नाही, काही नाही. मी रांजणावर टिचकी मारली. मान उचलली नाही त्यानं. पारव्याची दोन अंडी तशीच शेजारी.

आता माझी गोष्ट ऐका. आमच्या गावात बकरीचं पिल्लू आचळाला तोंड लावेना झालं की लोक माझ्याकडे आणत. अजूनही आणतात. मी पिल्लू मांडीत घेते, दोन बोटांनी जबडा उघडते, बांबूची बारीक नळी जिभेमागं सरकवते आणि दूध सोडते. दोन-तीन वेळा असं पोटात गेलं की पिल्लाला भूक आठवते, मग आपणच प्यायला लागतं. किती पिल्लं जगवली असतील, मोजदाद नाही. न खाणाऱ्याला खाऊ घालणं हे माझं काम. आपल्या पोटच्या पोरीला जमलं नव्हतं, ते नंतर शिकले.

मी वाटीत पारव्याचं अंडं फोडलं. ताजं होतं, बलक कसा पिवळाधम्मक! चमच्यानं घोटलं. नळी जाड होती, म्हणून कोथिंबिरीच्या वाफ्याशेजारच्या एरंडाच्या पानाचा बारीक पोकळ देठ तोडला, धुतला. रांजणात हात घातला आणि साप उचलला. भाऊजी धरतात तसाच, मानेशी दोन बोटांत. थंड लागला. त्यानं माझ्या मनगटाला विळखा घातला, पण सैल.

नखानं तोंड उघडलं. खरंच दात नव्हते, बोटाला काही टोचलं नाही. गुलाबी, ओलं, लहान तोंड. खालच्या जबड्यात मधोमध एक भोक उघडमीट करत होतं. मला वाटलं, हाच घसा. देठ त्यात टेकवला आणि बलक सोडला.

तो तडफडला. विळखा एकदम आवळला. मला आनंद झाला. जीव आहे अजून, जोर आहे, असं वाटलं. "पी बाबा, पी," मी म्हणत होते. "उद्याचा दिवस काढ. पी." आणखी दोन देठ भरून सोडले. नाकपुड्यांतून थोडे पिवळे बुडबुडे आले. पिल्लांच्याही नाकातून दूध येतं कधी कधी, तसंच समजले मी. वाटी रिकामी झाली. मी त्याला परत गोणपाटावर ठेवलं. तो तोंड उघडून मान इकडे तिकडे करत राहिला. मला वाटलं, चव लागली!

इतकं समाधान मला कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. मी हात धुतले आणि उरलेला उडीद पाखडला.

भाऊजी तिन्हीसांजेला आले. "साहेब अकरा वाजता पोचतात. कसा हाय?"

"चांगला आहे. हालचाल करते."

खाऊ घातलं म्हणून सांगितलं नाही. सकाळी तरतरीत दिसू दे, मग सांगू आणि दिराला चिडवू, असं मनात होतं.

सकाळी साप पांढरं पोट वर करून पडला होता. तोंड उघडंच होतं. ओठाच्या कडेला बलक वाळून चिकटला होता, पिवळा, कोणालाही दिसावा असा. मी पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि तो पुसून काढला. नाकपुड्यांवरचाही काढला. तोंड मिटून घेतलं. फोडलेल्या अंड्याची वाटी तर आदल्याच दिवशी घासली होती. मग भाऊजींना हाक मारली.

सापाला दोन्ही तळहातांवर घेऊन ते ओट्यावर बसले, शाळकरी पोरासारखे हुंदके देत. "उपाशी मारला आमी ह्याले, वयनी. शनिवारी सोडाले पाह्यजे होता."

साहेब आले अकराला. जीप, दोन शिपाई. त्यांनी साप उलटापालटा करून पाहिला.

"हा इथं घरात काय करतोय?"

"साहेब, तुमीच म्हनले होते फोनवर, ठेवा म्हनून."

"लेखी आहे का काही?"

"लेखी नाई. फोनवर…"

"मास्तर, शिकलेसवरलेले तुम्ही! संरक्षित प्राणी घरात कोंडून मारलात. माळावर सापडला ह्याला पुरावा काय? तुम्ही कुठूनही आणला असेल. कोणी ठेवला होता? कोण बघत होतं? खाऊपिऊ कोणी घालत होतं?"

अख्खं गाव दारात उभं होतं. मी खांबाला धरून उभी होते, पदराचं ते टोक मुठीत. साहेबांनी माझ्याकडेही पाहिलं.

"मीच," भाऊजी म्हणाले. "सगळं मीच. वयनीचा फक्त रांजण हाय."

मी बोलले नाही. तोंडापर्यंत आलं होतं, असंही म्हणणार नाही मी. आलंच नव्हतं. मी फक्त मनात म्हणत होते, माझ्याकडे पाहू नका.

सापाला बरणीत घालून नेलं. भाऊजींवर केस झाली, शाळेतून निलंबन झालं, सहा वर्षं तारखा चालल्या. शेवटी सुटले, पण नोकरीची उरलेली वर्षं लांबच्या गावी काढावी लागली. माळावर मशीन संक्रांतीनंतर नाही, होळीनंतर आलं, एवढाच काय तो फरक. हिवर पहिल्याच दिवशी पाडला. त्याखालचा मुरूम ट्रकांत भरून गेला. कोणत्या रस्त्यावर पसरला, कोण सांगणार? मी आजही नव्या रस्त्यावरून चालताना कडेकडेनं चालते.

भाऊजी गावी परत आले ते निवृत्त होऊनच. साप धरणं त्यांनी सोडलं नव्हतं. कोर्टातून येऊनही धरत. "एक उपाशी गेला माह्यापायी," म्हणत, "पन हाताचा दोष नाई. हात साफ हाय." एवढ्यावर ते तगले. बाकी सगळं त्यांचं गेलं होतं.

त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली तेव्हा एका दुपारी ते माझ्याकडे आले. मी एकटीच होते. हातात शाळेच्या प्रदर्शनात वाटलेला छापील कागद, त्यावर त्याच सापाचं रंगीत चित्र. नातीनं आणून दिला म्हणाले. चष्मा लावून त्यांनी मला वाचून दाखवलं, मास्तर वाचतात तसं, शब्द सुटा करून. "पक्ष्यांच्या विणीचा हंगाम संपला की हा साप महिनोन्महिने काहीही न खाता राहतो. हंगामात कमावलेल्या चरबीवर तो वर्षाचा उरलेला काळ काढतो."

कागद मांडीवर ठेवून ते म्हणाले, "वयनी, आपल्यापाशी सहाच दिवस होता."

ते उघडमीट करणारं भोक घशाचं नव्हतं, श्वासाचं होतं, हे मला तोवर कळून चुकलं होतं.

"मंग तो भुकेनं नाई मेला."

रस्त्यावरून कोणाची तरी बैलगाडी गेली. ती जाईपर्यंत ते थांबले.

"वयनी, एक इचारतो. राग नका येऊ देऊ. रविवारी मी गेल्यावर तुमी त्याले काई खाऊ तर नाई घातलं? हात तर नाई लावला?"

घरात तिसरं माणूस नव्हतं. मालक जाऊन चार वर्षं झाली होती, साहेब कुठल्या कुठं बदलून गेलेले. खोटं बोलून मला काही मिळायचं नव्हतं, आणि खरं बोलून काही जायचं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला त्यांनी, लगेच. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट समोर धरून ते बघत बसले.

"मंग धरतानीच झालं ते. दगडाखालून ओढला मी त्याले, घाई केली. मान चेपली असन. आतल्या आत लागलं असन, आणि सहा दिवस तो कळ काढत पडला. म्हनून खात नवता."

"नाही हो भाऊजी," मी म्हटलं. "तुमच्या हातानं नाही मेला तो. देवाशपथ सांगते. तुमच्या हातानं नाही."

एवढं एक मी त्यांना खरं सांगितलं. ते त्यांना समजूत वाटली. हसले माझ्याकडे पाहून. "तुमी मनाच्या मोठ्या, वयनी," म्हणाले, आणि कागद घडी करून निघून गेले.

आठवड्यानं खालच्या आळीत साप निघाला. माणसं धावत भाऊजींच्या दारी आली. ते दारात उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे धरून.

"मले जमत नाई आता. दुसऱ्याले बोलवा."

"मास्तर, दुसरा कोण आहे इथं?"

"नाई जमत म्हन्लं ना!"

लोकांनी मग काठ्या उचलल्या. माझा ओटा त्यांच्या दारासमोरच आहे. मी तिथंच बसले होते. भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी सुपातल्या दाण्यांतून खडे वेचत राहिले.